‘मेकॅनिकल’ वायरलेस कीबोर्ड मागवला, आत निघालं रबर

वायरलेस कीबोर्डच्या बाबतीत रिकामं खोकं क्वचितच येतं. कीबोर्ड येतो, दिवे लागतात, अक्षरं उमटतात, गिऱ्हाईक खूश. गंडवलेलं असतं ते लिस्टिंगमधल्या वर्णनात, आणि ते लक्षात येईपर्यंत परतीची मुदत उलटून जाते. हजार-दीड हजारात ‘मेकॅनिकल, ब्लूटूथ, 4000 एमएएच’ (म्हणजे बॅटरीची क्षमता) अशी तिन्ही विशेषणं एकत्र दिसली, की समजावं कुठेतरी पाणी मुरतंय.

मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला कीबोर्ड. बारीक अक्षरात ‘मेकॅनिकल फील’ लिहिलं असेल तर तो मेकॅनिकल नव्हेच. पण लिस्टिंगमध्ये सरळ ‘मेकॅनिकल’ म्हणून रबरी पडद्याचा, म्हणजे मेम्ब्रेन कीबोर्ड पाठवतात, तेव्हा एक बटण काढूनच पाहावं लागतं. एस्केपचं बटण सरळ वर ओढा. स्पेस किंवा एंटरला हात लावू नका. त्यांच्याखाली स्टॅबिलायझरची, म्हणजे लांब बटण सरळ दाबलं जावं म्हणून बसवलेली तार असते, ती निसटली की परत बसवताना नाकी नऊ येतात. खाली अधिकच्या चिन्हासारखी दांडी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, हल्ली रबरी कीबोर्डलाही तशी दांडी लावतात. प्रत्येक बटणाखाली वेगळी, चौकोनी, प्लेटमध्ये बसवलेली स्विचची डबी आहे का, ते बघा. दांडी कीबोर्डच्याच प्लास्टिकमधल्या भोकातून वर येत असेल आणि दाबल्यावर खाली मऊ रबर लागत असेल, तर मामला उघड आहे. दोन्ही शिफ्ट दाबून ठेवून सगळी अक्षरं टाइप करून पाहा. काही गळाली, तर स्वस्त मेम्ब्रेनची शंका बळावते. नाही गळाली, तरी तेवढ्यावरून मेकॅनिकल ठरत नाही.

बॅटरीला साधा हिशोब पुरतो. लॅपटॉपच्या यूएसबी 2.0 पोर्टमधून 500 मिलीअँपिअर मिळतात. तेवढ्यावर 4000 एमएएचची रिकामी बॅटरी भरायला किमान आठ तास हवेत. पूर्ण उतरलेला कीबोर्ड तासाभरात ‘फुल’ दाखवत असेल, तर आत 500 एमएएचच्या आसपासचा सेल आहे, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

ब्लूटूथ तपासायचं ते डोंगल, म्हणजे यूएसबीत खुपसायचा छोटा रिसीव्हर, बाजूला ठेवून, मोबाइलवर. कीबोर्ड पेअरिंगला टाकला तरी मोबाइलच्या यादीत नाव येत नसेल, तर तो फक्त डोंगलवर चालणारा आहे. अशा स्वस्त कीबोर्डांचा डोंगल सहसा कारखान्यातच जुळवलेला असतो. तो हरवला, किंवा कुणीतरी परत केलेल्या मालात भलताच आला, तर कीबोर्ड भंगारात.

काही स्वस्त डोंगलवाले कीबोर्ड टाइप केलेलं सांकेतिक न करता, उघड्या रेडिओ लहरींवर पाठवतात. बॅस्टिल या सुरक्षा कंपनीने 2016 मध्ये आठ उत्पादकांच्या कीबोर्डांत हा दोष दाखवला होता. सुमारे 250 फुटांवरून टाइप केलेलं टिपता येत होतं. हे घरी तपासता येत नाही. बँकेच्या पासवर्डसाठी वायरवाला कीबोर्ड बरा.

वायरलेस कीबोर्डला भारतात बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मागच्या लेबलवरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. नोंद भलत्याच ब्रँडची किंवा चार्जरची निघाली, तर क्रमांक उचललेला आहे.

तक्रारीआधी एक गोष्ट मात्र करा. डोंगल यूएसबी 3.0 पोर्टला किंवा हार्ड डिस्कला खेटून असेल तर डोंगलच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरींत खरखर होते आणि चांगल्या कीबोर्डचीही अक्षरं गळतात. छोट्या एक्स्टेन्शनने डोंगल लांब घ्या. नाहीतर सेलर ‘तुमचाच कॉम्प्युटर खराब’ म्हणून हात वर करेल.

ऑर्डर करतानाच लिस्टिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण नंतर वर्णन बदलतं. ई-कॉमर्स नियम 2020 नुसार, जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला सेलर नकार देऊ शकत नाही. ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. तिथे दाद लागली नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइन. तक्रारीत ‘क्वालिटी खराब’ असं मोघम लिहू नका. ‘मेकॅनिकल म्हणून विकला, मेम्ब्रेन आला’ असं लिहून उघडलेल्या बटणाचा फोटो जोडा. बदली माल घेऊ नका, तोच येतो. पैसे परत मागा. आणि कीबोर्ड कुरिअरवाल्याच्या हाती देण्याआधी डोंगलसकट फोटो काढा, कारण ‘डोंगल आला नाही’ म्हणून परतावा अडवतात.