प्रागमध्ये १६० युरो गेले, ते असे

व्हिएन्नाहून प्रागला रेल्वेने चार तास. पासपोर्टवर शिक्का नाही, सीमा कधी ओलांडली तेही कळत नाही. पण खिशातला युरो मागे पडतो आणि चेकचा कोरुना लागतो. पुढे प्राग–ब्रातिस्लाव्हा–बुडापेस्ट या सात तासांत तर कोरुना, युरो, फोरिंट अशी तीन चलनं. नोटा ओळखीच्या व्हायच्या आत बदलतात, आणि नोटा बदलून देणारे ठग नेमके त्यावरच जगतात.

पैसे बदलायच्या दुकानावर '० टक्के कमिशन' आणि ठळक आकड्यात २५. तो दर युरो विकण्याचा. आपला युरो ते घेणार १९ ला, आणि तो आकडा खाली, बारीक. दाराशी उभा असलेला माणूस म्हणाला, "इथे लुटतात, मी २५ देतो." २०० युरोचे ५००० कोरुना, हजाराच्या पाच नोटा. वरची खरी. खालच्या चार बेलारूसच्या जुन्या रुबलच्या. बेलारूसने २०१६ मध्ये चलनातली चार शून्यं उडवली, त्या नोटा आता म्हणजे रद्दी.

हाव म्हणाल, तर बाजारभावच २५ होता. जास्त मागितलं नव्हतं, १९ टाळत होतो एवढंच.

पण नोटा मोजताना दिसलं होतं. चेहराच नव्हता हो त्यांच्यावर! इमारत होती. चेकची प्रत्येक नोट माणसाची: हजारावर इतिहासकार पालात्स्की, दोन हजारांवर गायिका एमा डेस्तिनोव्हा, पाच हजारांवर चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक. शिवाय अक्षरं रशियन वळणाची. चेक भाषा रोमन लिपीत लिहितात हे शेंबडं पोरही सांगेल. तरी 'असेल जुनी छपाई' म्हणत पाकिटात कोंबल्या. त्या क्षणाची किंमत १६० युरो; पुण्यात ९३ ने घेतले होते, म्हणजे १४,८८० रुपये. घरी अजून आकडा सांगितलेला नाही.

रस्त्यावर नोट बदलूच नका, दर कितीही गोड असो. दुकानात गेलात तर पैसे खिडकीत सरकवण्याआधी "२०० युरोचे हातात किती?" हे कागदावर लिहून घ्या. पावती जपा: २०१९ पासून तिथल्या कायद्याने १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो. दुकानाचा व्यवहार, दारातल्या माणसाचा नव्हे.

चौकीत पहिला प्रश्न, "रस्त्यावर का बदललेत?" दुभाष्यासाठी अडीच तास बाकावर. मग चेक भाषेतला कागद, त्यावर सही. कॅमेरे आहेत ना चौकात? "बघू." तोच माणूस संध्याकाळी त्याच दाराशी उभा होता, हे सांगायला परत गेलो तर पाळी बदललेली, नवा साहेब, पुन्हा पहिल्यापासून! यांना माहीत नाही असं थोडंच आहे?

खरं तर रोख लागतच नव्हती. प्रागच्या ट्राममधल्या यंत्रावर तिकीट कार्डाने निघतं, उपाहारगृहातही कार्ड चालतं. रोख हवीच तर बँकेला लागून असलेल्या एटीएममधून काढा, आणि यंत्राने "रुपयांत रूपांतर करू का?" विचारलं की नाही म्हणा, 'हो'चा दर मशीनवाला ठरवतो.

प्रवास विमा होता. उत्तर आलं: चोरी नव्हे, रक्कम आपण स्वखुशीने दिलीत; तरी फेरविचारासाठी त्या चार नोटा मूळ स्वरूपात पाठवा. नोटा पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतल्यात.