नाइट ड्युटीतलं ‘नाइट वॉच’

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नाइट ड्युटीला दोननंतर सॅम्पल कमी झाली की वीसेक मिनिटं मोकळी मिळतात. गेले पाच महिने ती मी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या वेबसाइटवर घालवते. डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४२ सालचं ‘नाइट वॉच’ हे शहर राखणाऱ्या तुकडीचं चित्र तिथे फुकट बघता येतं, आणि तेही कसं! ८,४३९ फोटो जोडून केलेली ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१,७०० कोटी ठिपक्यांची प्रतिमा आहे ती. दोन पिक्सेलमधलं, म्हणजे ठिपक्यांमधलं, अंतर ५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आमची तांबडी पेशी साधारण ७ मायक्रॉनची असते. म्हणजे हा पिक्सेल तिच्याहूनही बारीक. २०२२ मध्ये आलेली ही प्रतिमा मुळात चित्र जपणाऱ्यांच्या कामाची, रंग पुढे कसा जुना होतोय ते तपासायला. ती सगळ्यांसाठी खुली ठेवली, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

पहिल्या रात्री सगळीकडे भराभर फिरले आणि काही हाती लागलं नाही. मग स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेलं रक्त, मायक्रोस्कोपखाली बघतो तसं बघायला लागले. एका कडेने, एक फील्ड (एका वेळी दिसणारा तुकडा) संपलं की पुढचं. चित्रातल्या लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर कॅप्टनच्या हाताची सावली पडलीय, तिथेच दोन आठवडे गेले. कोटाचं जरीकाम जवळ जाऊन बघितलं तर जर कुठेच नाही. रंगाचे जाड उंचवटे आणि त्यांवरच्या भेगा. मागे आलं की पुन्हा जर. हे मी कितीदा केलं असेल!

आमच्या कामात बघणं म्हणजे शोधणं. पॅरासाइट आहे का, ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, आहेत का. बघितलं की लिहायचं, आणि त्या लिहिण्यावर कुणाचे तरी उपचार ठरतात. इथे मी तासभर एक भेग बघितली तरी रिपोर्ट द्यायचा नसतो. डोळे तेच, पण त्यांच्यावरचं ओझं उतरतं. चित्रं, कविता हे सगळं रिटायर झाल्यावर, सवडीने करू, असं मी वीस वर्षं म्हणत आले. ती चूक होती. त्यांची गरज रात्री अडीचलाच जास्त असते.

ड्युटीवरच्या एकाने विचारलं, “ताई, याचा उपयोग काय?” मी त्याला खुर्ची दिली आणि सोनेरी कपड्यातल्या मुलीचा चेहरा उघडून दिला. सॅम्पल तपासणारं ॲनालायझर मशीन वाजेपर्यंत तो उठला नाही.

फोनवर मात्र बघू नका. मूळ चित्र जवळपास ३.८ बाय ४.५ मीटर आहे. तळहातावर त्याचा आवाका कळत नाही, आणि झूम केलं की आपण कुठे आहोत तेच हरवतं. मोठा मॉनिटर हवा. एक गोष्ट मात्र कुठल्याच पडद्यावर परत येणार नाही. १७१५ मध्ये नव्या जागेत बसावं म्हणून हे चित्र चारही बाजूंनी कापलं, त्यात डावीकडची माणसंच गेली. ती कड आली की मी दर वेळी थांबते.

आणि हो, चित्रातला प्रसंग रात्रीचा नाहीच. व्हार्निश काळवंडलं म्हणून ते नाव पडलं.

सध्या उजवीकडच्या ढोलवाल्यापाशी आहे. त्याच्याजवळचा कुत्रा अजून बघायचा राहिलाय.