गोंडस गोळ्यांची गोष्ट

डेव्हिड जेरॉल्डचं 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' (1973) हे पुस्तक वाचून संपवलं. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचा याच नावाचा भाग 29 डिसेंबर 1967 ला दाखवला गेला. लेखक तेव्हा विशीतला पोरगा, आणि ही त्याची पहिलीच विकली गेलेली पटकथा! तिचं आख्खं संहितारूपही आत आहे, पण मी ते भरभर चाळलं. मजा आहे ती हा भाग कसा बनला, त्या पडद्यामागच्या गोष्टींत.

ट्रिबल्स म्हणजे कथेतले केसाळ, गोळ्यासारखे जीव; चित्रीकरणासाठी ते सुमारे 500 शिवले होते. काहींत खेळण्याची मोटर, काही फुग्याने 'श्वास' घेणारे. कप्प्यातून यानाचा कप्तान कर्कच्या डोक्यावर ढीग कोसळतो ना? त्यानंतरही एकेक टपकत राहतो, कारण आतून फेकणाऱ्यांना पुरेसे झालेत की नाहीत हे दिसतच नव्हतं! मी तो प्रसंग लगेच पुन्हा लावला. आता हसू दुप्पट येतं.

विज्ञानकथा लेखक हाइनलाइनच्या कादंबरीतल्या 'फ्लॅट कॅट्स' या प्राण्यांशी ट्रिबल्सचं साम्य निघाल्यावर झालेली धावपळही प्रांजळपणे सांगितलीय. स्वतःच्या विनोदांवर जेरॉल्ड जरा जास्तच खूश असतो, तेवढं खटकलं. पटकथा लिहायची हौस असेल तर मात्र घ्याच.