ऑपरेशनआधी व्हिडिओवर स्मृतिचाचणी: मिनी-कॉग कितपत उपयोगी?

देवगडच्या आजोबांचा गुडघा बदलायचा, तर ऑपरेशनला बहुधा कोल्हापूर, मुंबई नाहीतर गोवा गाठावं लागतं. ऑपरेशननंतर भ्रम होण्याचा धोका किती, हे कळावं म्हणून आधी स्मृती तपासतात. निव्वळ त्यासाठी आजोबांना तिथवर नेऊन आणणं म्हणजे छळच. मिनी-कॉग ही छोटी स्मृतिचाचणी व्हिडिओ कॉलवर घेता येते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

चाचणी जेमतेम ३ मिनिटांची. केळं, सूर्योदय, खुर्ची असे ३ शब्द सांगून म्हणवून घ्यायचे, मग कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगायचं, शेवटी तेच शब्द विचारायचे. आठवलेल्या प्रत्येक शब्दाला १ गुण, बरोबर घड्याळाला २, चुकलेल्याला ०. ५ पैकी ३ पेक्षा कमी आले तर पुढची तपासणी. काट्यांची लांबी बघू नये. आकडे जागच्या जागी आणि काटे ११ व २ कडे, एवढंच पाहावं.

घोळ होतो तो घरच्या मांडणीत. समोरच्या भिंतीवर घड्याळ असेल तर ते आधी उतरवा. मोबाइल हातात न धरता डब्याला टेकवा, म्हणजे कागद आणि हात दोन्ही दिसतात. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली शब्दच ऐकू येत नाहीत. तारेचा इयरफोन लावा, कानाचं यंत्र असेल तर तेही. न ऐकलेला शब्द आठवणार कुठून? मुंबईहून आलेली सून मायेपोटी हळूच शब्द सुचवते, तिला आधीच समजवा. कॉल मध्येच तुटला तर ते गुण धरू नका. दुसऱ्या दिवशी दुसरे शब्द घेऊन पुन्हा सुरुवात करा.

निरक्षर आजीच्या बाबतीत चाचणी लंगडी पडते. घड्याळाचे २ गुण गेले की तिन्ही शब्द आठवल्याशिवाय ती पास होत नाही. तिथे रोजचे व्यवहार, पैशांचा हिशोब, औषधांच्या वेळा घरच्यांना विचाराव्यात.

व्हिडिओपुरतं नेटवर्क नसेल तर साध्या फोनवर घ्यायची मोका (MoCA) ही दुसरी, मोठी चाचणी आहे. चित्रांचे प्रश्न वगळून ती २२ गुणांची होते. तिच्यात तारीख विचारतात. आजोबा बिनचूक तिथी सांगतात आणि गुण जातो. तिथीची नोंद शेजारी जरूर करावी. पडून खुबा मोडलेल्या, वेदनेत असलेल्या माणसाची मात्र फोनवर परीक्षा घेऊच नये, ती खाटेजवळच व्हावी.

कमी गुण म्हणजे स्मृतिभ्रंशाचं निदान नव्हे, आणि तेवढ्यावरून ऑपरेशन नाकारायचंही नाही. ऑपरेशननंतर ‘वात झाला’ म्हणतात तो भ्रम होण्याचा धोका जास्त, हे आधी कळतं. मग झोपेची आणि गुंगीची औषधं जपून देता येतात, शुद्धीवर येताच चष्मा नि कानाचं यंत्र देता येतं, रात्री ओळखीचं माणूस उशाशी ठेवता येतं.

गुणांसोबत व्हिडिओ की फोन, चष्मा होता का, शेजारी कोण होतं हेही लिहावं. पुढे बोलण्यात गोंधळ दिसला, तर तुलना याच नोंदीशी करायची असते.