मोक्सा एनपोर्ट ५११०: उसाच्या वजनकाट्यावर एक गळीत हंगाम

ऊसपट्ट्यात 'काटामारी', म्हणजे वजनात होणारी फसवणूक, हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट ज्या एका आकड्यात मोजले जातात, तो आकडा इंडिकेटरवरून, म्हणजे काट्याच्या वजन दाखवणाऱ्या यंत्रावरून, पावतीवर जसाच्या तसा उतरला पाहिजे, एवढीच आमची मागणी होती. मोक्सा या तैवानी कंपनीच्या 'एनपोर्ट ५११०' या एका पोर्टच्या सिरीयल डिव्हाइस सर्व्हरचे (जुन्या सिरीयल तारेवरचा डेटा नेटवर्कवर आणणाऱ्या उपकरणाचे) हे परीक्षण मी त्याच कसोटीवर करीत आहे. गेल्या गळीत हंगामापूर्वी हे उपकरण आमच्या साखर कारखान्याच्या मुख्य वजनकाट्यावर बसवले गेले. त्याची जोडणी आणि सेटिंगचे काम माझ्याकडे होते.

आमच्या इंडिकेटरमधून वजन आरएस-२३२ या जुन्या सिरीयल पद्धतीने, म्हणजे तारेवरून एकामागून एक अक्षर पाठवत, अखंड ओळींच्या स्वरूपात बाहेर पडते. पूर्वी काटा केबिनमधला संगणक ते थेट वाचत असे. परंतु भुशाच्या आणि धुळीच्या त्या जागेत संगणक फार काळ टिकत नसत, आणि पावतीची नोंद कार्यालयातील सर्व्हरवरच व्हावी असा निर्णय झाला होता. मधले अंतर सुमारे ३०० मीटर. आरएस-२३२ च्या जुन्या मानकात ५० फूट, म्हणजे साधारण १५ मीटर, एवढीच केबलची लांबी सुचवलेली होती. नंतरच्या आवृत्तीत लांबीऐवजी २५०० पिकोफॅरड विद्युतधारितेची मर्यादा आली, पण म्हणून ३०० मीटर केबल ओढता येते असे नव्हे. काटा ऑपरेटरने आकडा पाहून हाताने टाइप करावा, हा पर्याय कोणी तरी सुचवला होता. तो मला तत्त्वतःच मान्य नव्हता, कारण आकडा माणसाच्या बोटांतून गेला की तो संशयातूनही जातो. केबिनपर्यंत फायबरची लाइन आधीच आलेली होती. त्यामुळे सिरीयल डेटा इथरनेटवर चढवणारे उपकरण घेणे हाच सरळ मार्ग उरला.

एनपोर्ट ५११० हा तळहातावर मावेल असा धातूचा डबा आहे. त्याला १०/१०० इथरनेटचा एक पोर्ट, नऊ पिनांचा एक नर डीबी-९ पोर्ट, विजेचे तोंड आणि रीसेटचे बारीक बटण आहे. वीजपुरवठा १२ ते ४८ व्होल्ट डीसी यांपैकी कोणताही चालतो, आणि ही सोय आमच्यासाठी मोलाची ठरली, कारण केबिनमधील १२ व्होल्टच्या बॅटरी बॅकअपवरच उपकरण चालवता आले आणि वीज गेल्यावरही काटा व नोंद यांचा धागा तुटला नाही.

जोडणी करताना लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की या पोर्टच्या पिनांची रचना संगणकाच्या कॉम (सिरीयल) पोर्टसारखीच आहे: २ वर डेटा आत येतो, ३ वरून बाहेर जातो आणि ५ हा ग्राउंड. म्हणून संगणकाला लागणारी जुनी केबल तशीच चालते. आम्ही मात्र मुद्दाम नवी केबल बनवली आणि तिच्यात पिन २ आणि पिन ५ अशा दोनच तारा ठेवल्या. इंडिकेटरला शून्य करण्याची किंवा टेअर घेण्याची (रिकामे वजन वजा करण्याची) आज्ञा सिरीयल पोर्टवरून देता येते. ती आज्ञा नेटवर्कवर बसलेल्या कोणालाही कधीच पाठवता येऊ नये, यासाठी पाठवण्याची तारच न जोडणे हा मला कोणत्याही पासवर्डपेक्षा भक्कम उपाय वाटतो. पासवर्ड उघड होऊ शकतो. नसलेल्या तारेतून वीज वाहत नाही. वैधमापन विभागाच्या सीलला कुठेही हात लावावा लागला नाही, कारण इंडिकेटरचा सिरीयल पोर्ट सीलबंद भागाच्या बाहेर होता. दोनच तारा असल्यामुळे फ्लो कंट्रोल (डेटा थांबवण्या-सोडण्याची खूण) 'नन', म्हणजे बंद, ठेवणे ओघानेच आले.

पहिल्यांदा चालू केल्यावर उपकरणाचा आयपी पत्ता १९२.१६८.१२७.२५४ असतो. लॅपटॉपला काही वेळापुरता त्याच मालिकेतला पत्ता दिला की ब्राउझरमध्ये सेटिंगचे पान उघडते. कंपनीच्या शोध-सॉफ्टवेअरनेही उपकरण सापडते, मात्र त्या वेळी विंडोजची फायरवॉल आड येत नाही ना, हे आधी पाहावे. आम्ही कायमचा स्थिर पत्ता दिला. काट्यासारख्या ठिकाणी डीएचसीपीवर, म्हणजे आपोआप मिळणाऱ्या पत्त्यावर, विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. 'रेडी' दिवा स्थिर हिरवा असला म्हणजे सर्व ठीक, आणि लाल रंगात उघडझाप करू लागला तर पत्त्याची टक्कर झाली आहे किंवा डीएचसीपी सर्व्हर उत्तर देत नाही, एवढे काटा ऑपरेटरला शिकवले की फोनवरून निम्मे निदान होते.

चालवण्याच्या पद्धती अनेक आहेत, पण बहुतेकांना दोनच लागतील. 'रिअल कॉम' पद्धतीत विंडोजवर ड्रायव्हर बसवला की दूरचा पोर्ट संगणकाला स्वतःचाच कॉम पोर्ट वाटतो, आणि जुन्या पावती-सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षरही बदलावे लागत नाही. मधल्या फायरवॉलवर टीसीपी या नेटवर्क पद्धतीचे ९५० आणि ९६६ हे पोर्ट मोकळे असावे लागतात. या पद्धतीत बॉड रेट (डेटाचा वेग) वगैरे गोष्टी कॉम पोर्ट उघडणारे सॉफ्टवेअर ठरवते, सेटिंगच्या पानावरचे आकडे नव्हे. हे ठाऊक नसेल तर पानावर २४०० चे ९६०० करून पाहणारा माणूस काहीच का बदलत नाही म्हणून बुचकळ्यात पडतो. दुसरी पद्धत 'टीसीपी सर्व्हर'. तीत उपकरण ४००१ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहते, कोणताही प्रोग्रॅम तिथे जोडला जाऊन डेटा वाचू शकतो आणि पानावरचेच आकडे लागू होतात. एकाहून अधिक जोडण्यांना परवानगी दिली तर तेच वजन दोन ठिकाणी एकाच वेळी दिसते. काट्यावर आलेल्या शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी आकडा दिसावा म्हणून लावलेला बाहेरचा मोठा फलक आम्ही याच सोयीवर चालवतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. रिअल कॉमवरून टीसीपी सर्व्हर पद्धतीकडे वळताना पावतीचा प्रोग्रॅम एका बाहेरच्या माणसाकडून नव्याने लिहून घेतला होता. हंगामापूर्वीच्या चाचणीत २४,५६० किलो भरलेल्या ट्रॅक्टरचे वजन पडद्यावर क्षणभर ४,५६० असे उमटले. इंडिकेटरवर मात्र आकडा बरोबर होता. कारण शोधले तेव्हा दोष ना काट्याचा निघाला ना एनपोर्टचा. आमच्या इंडिकेटरची एक ओळ १८ अक्षरांची आहे. २४०० बॉडला सेकंदाला २४० अक्षरे जातात, म्हणजे पूर्ण ओळ यायला ७५ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात उपकरण ओळीचे दोन तुकडे दोन वेगवेगळ्या पॅकेटांत पाठवू शकते. 'एका वेळी वाचलेला डेटा म्हणजे एक पूर्ण वजन' असे प्रोग्रॅमने गृहीत धरले होते. नेमक्या त्या क्षणी नोंदीचे बटण दाबले गेले असते, तर एका शेतकऱ्याचा वीस टन ऊस कागदावरून नाहीसा झाला असता, आणि कोणीही लबाडी केलेली नसताना.

उपाय दोन बाजूंनी केला. उपकरणाच्या 'डेटा पॅकिंग' भागात ओळीच्या शेवटी येणारी दोन चिन्हे, सोळा-अंकी पद्धतीत ०डी आणि ०ए, डिलिमिटर (शेवटाची खूण) म्हणून भरली, त्यामुळे पूर्ण ओळ जमल्यावरच पॅकेट निघू लागले. परंतु तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे, कारण टीसीपी हा अक्षरांचा प्रवाह आहे आणि त्यात पॅकेटची सीमा पलीकडे तशीच राहील याची हमी नसते. म्हणून प्रोग्रॅमही दुरुस्त करून घेतला: ओळ संपल्याचे चिन्ह येईपर्यंत अक्षरे साठवायची, ओळीची लांबी तपासायची, वजन स्थिर असल्याची खूण पाहायची आणि सलग काही ओळींत तोच आकडा आला तरच नोंद करू द्यायची. असे उपकरण वजनकाट्यासाठी घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला हा प्रश्न लेखी विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सुरक्षेबाबत या मॉडेलकडून किती अपेक्षा ठेवायची, हे समजून घ्यावे. ५११० वरून जाणारा डेटा सांकेतिक केलेला नसतो. तशी गरज असेल तर त्याच कंपनीची, टीएलएस सांकेतिकीकरणाची सोय असलेली एनपोर्ट ६००० मालिका पाहावी. आम्ही काट्यासाठी वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र भाग) केला, पासवर्ड बदलला, टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी सोय) बंद केले आणि परवानगीच्या आयपी यादीत फक्त सर्व्हर व फलक यांचे पत्ते ठेवले. ही काळजी अनाठायी नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीजवितरण कंपन्यांवर झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, आणि त्या वेळी हल्लेखोरांनी उपकेंद्रांमधील सिरीयल-इथरनेट कन्व्हर्टरचे फर्मवेअरही (आतले मूळ सॉफ्टवेअर) निकामी करून टाकले होते. असे डबे इंटरनेटवर उघडे ठेवू नयेत.

खरेदीपूर्वी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. ५११० मध्ये केवळ आरएस-२३२ आहे. आरएस-४८५ ही दुसरी सिरीयल पद्धत हवी असेल तर ५१३० किंवा ५१५० घ्यावे लागते. आणि वीजमीटर मॉडबस टीसीपीवर (औद्योगिक उपकरणांच्या नेटवर्कवरील भाषेवर) आणण्याच्या इच्छेने हे उपकरण घेऊ नये, कारण ते मॉडबस आरटीयूचे (त्याच भाषेच्या सिरीयल रूपाचे) भाषांतर करीत नाही, आलेली अक्षरे केवळ वाहून नेते. त्या कामासाठी गेटवे वेगळा मिळतो. पत्र्याच्या तापणाऱ्या केबिनसाठी उणे ४० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे '-टी' मॉडेल घ्यावे.

पूर्ण हंगामात उपकरण एकदाही अडकले नाही. सेटिंगची फाइल निर्यात करून ठेवली आहे आणि तिची छापील प्रत केबिनमध्ये लावली आहे, कारण रीसेटचे बटण पाच सेकंद दाबून धरले की उपकरण पुन्हा कारखान्यातल्या मूळ अवस्थेत जाते. रोज सकाळी पहिली गाडी घेण्यापूर्वी ठरलेले वजन काट्यावर ठेवून इंडिकेटर, फलक आणि पावती यांवरचे तीन आकडे जुळवून पाहिले जातात, आणि त्या नोंदवहीत त्या वेळी रांगेत उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याचीही सही घेतली जाते.