हतनूरचा ‘बास’ आणि माझे 8,349 रुपये

धरणावर मासेमारीच्या बनावट पासपायी मी फसलो. आकडा आधी सांगून टाकतो, म्हणजे लपवाछपवी नको. 8,349 रुपये. मी आणि मुलगा मिळून वर्षाचा पास 1,850, ‘गुप्त जागांचा नकाशा’ 499, परत मिळणारं डिपॉझिट 2,000, गळाचं किट 3,650 आणि कुरिअर अडकलंय म्हणून ते सोडवायला 350. पासची रंगीत प्रिंट आणि लॅमिनेशनचे 50 मी यात धरलेले नाहीत. ती हौस माझी स्वतःची.

मी भुसावळला खासगी नोकरी करतो. मुलगा मोबाइलवर परदेशातले ‘बास’ नावाचा मासा पकडण्याचे व्हिडिओ बघायचा. चकचकीत काठी, रबरी बेडूक, पाण्यातून उसळणारा हिरवा मासा. ‘पप्पा, आपण कधी?’ म्हणून मागे लागला. रिसॉर्टवाल्यांचे खासगी तलाव परवडत नाहीत, म्हणून सरकारी धरणावर स्वस्तात कुठे बसता येईल ते शोधत होतो. तेवढ्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली: खान्देशातल्या पाच धरणांवर गळ टाकायचा अधिकृत पास. हतनूर, वाघूर, गिरणा, सुकी, अनेर. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा फोन. बोलणं इतकं सभ्य, की आपल्या ऑफिसात कोणी असं बोलत नाही. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: आधी थोडे, मग ‘सर, फक्त एवढंच राहिलंय’, मग आणखी थोडे.

मला राग त्याचा नाही, माझाच येतो. पासवर मोठ्या अक्षरात छापलं होतं, ‘हतनूर जलाशय: बास, 5 किलोपर्यंत’. माझं आजोळ तापीकाठचं. कटला, रोहू, मृगळ, मरळ, वाम, शिंगाडा, हल्ली सगळीकडे माजलेला चिलापी, हे सगळं मी लहानपणापासून ताटात बघितलंय. बास हा शब्द आमच्या मामाने जन्मात उच्चारला नसेल. तो मासा मूळचा उत्तर अमेरिकेतला. शेजारी फोटो होता: हिरवट मासा, त्यामागे बर्फाचा डोंगर आणि सूचिपर्णी झाडं. हतनूरला! जिथे मे महिन्यात दगडावर हात ठेववत नाही! आणि मी काय केलं? मनाशी म्हटलं, सरकारने त्याचं मत्स्यबीज सोडलं असेल. खाली आणखी एक ओळ, ‘गिरणा धरण, जि. जळगाव’. अरे, गिरणेचं पाणी आपल्याकडे येतं, पण धरण नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात! दर पावसाळ्यात त्याची टक्केवारी मी पेपरात वाचतो. दोन्ही चुका मी वाचल्या, दोन्हींवर बोट ठेवलं, आणि तरी पिन टाकला. पाच वेळा.

मी अडाणी नाही हो. सासूबाईंना ओटीपी कोणाला सांगू नका म्हणून दम देणारा मीच. पण किट खरंच घरी आलं ना! तीन तुकड्यांची हलकी काठी, खडखडणारं रीळ, आणि प्लॅस्टिकच्या डबीत पाय हलणारा रबरी बेडूक. वस्तू हातात आली की संशय मरतो. हे लक्षात ठेवा: वस्तू आली म्हणजे माणूस खरा, असं नसतं. बाजारात ते सगळं हजार-बाराशेच्या आत मिळालं असतं, हे नंतर कळलं.

रविवारी पहाटे चांगदेवच्या अलीकडे हतनूरच्या फुगवट्यावर गेलो. गळ्यात लॅमिनेट केलेला पास, ओळखपत्रासारखा. मच्छीमार संस्थेचे दोघे जाळं आवरत होते. त्यातल्या वयस्कराने पास उलटा-सुलटा केला. ‘दादा, हा कागद तुमाले कोनं देला?’ म्हणाला. मग त्याने शांतपणे सांगितलं की धरणातली मासेमारी ठेक्याने संस्थेकडे असते, बीज संस्था सोडते, असा पास त्याने कधी बघितला नाही. विचारलं असतं तर दोन शब्दांत सांगितलं असतं, म्हणाला. रबरी बेडूक मात्र त्याला आवडला. ‘मरळ खाईल हे.’ मुलगा माझ्याकडे बघतच नव्हता. तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तर, धरणावर जायच्या आधी गावात जाऊन संस्थेच्या माणसाला भेटा. फुकट काम आहे.

आता सरकारी पायऱ्या. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, हद्द कोणाची? पैसे घरून गेले, फसलो पाण्यावर, खातं परराज्यातलं. हवालदारसाहेब हसून म्हणाले, ‘तुम्हीच गळाला लागले की!’ हा विनोद मी आतापर्यंत अकरा जणांकडून ऐकलाय. मग, रक्कम लहान आहे, अर्ज द्या, ठेवून जा. पोचपावती मागितली तर शिक्का मारणारे साहेब रजेवर. बँकेत गेलो तर, पिन तुम्हीच टाकला, आमचा काय संबंध, आधी पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा. या दोन इमारतींमध्ये माझं पेट्रोल किती जळलं ते त्या 8,349 मध्ये नाही. कळस झाला मासेमारीशी संबंधित एका कार्यालयात. बाबूंनी पास बघितला आणि म्हणाले, ‘असा पास आम्ही देतच नाही. मग हा खोटा आहे असं तरी आम्ही लिहून कसं देणार?’ मी दोन मिनिटं तसाच उभा. त्यांनी चहा मागवला. त्यांच्यासाठी.

एक मात्र माझीच चूक. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी तीन आठवड्यांनी फोन केला. पैसे गेल्याचं कळलं त्याच तासाला करायचा, तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. मी लाजेपोटी बायकोपासूनच लपवत बसलो. लाजू नका. स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक पुसू नका. मी चिडून अर्धं चॅट उडवलं, ते आता सगळीकडे मागतात. ‘परत मिळणारं डिपॉझिट’ हे शब्द वैयक्तिक नंबरवरून आले तर फोन तिथेच ठेवा. फोटो गूगलवर शोधायला अर्धं मिनिट लागतं. मी शोधला, पण सगळं झाल्यावर.

आता आम्ही बांबूची काठी, तंगूस, बूच आणि कणकेची गोळी घेऊन जातो. खर्च साठ रुपये. संस्थेच्या त्या काकांना विचारून, त्यांनी दाखवलेल्या जागी बसतो. परवा दोन चिलापी लागले.

आणि परवाच एका नव्या ग्रुपवर तोच फोटो आला. तोच मासा, तोच बर्फाचा डोंगर. यावेळी खाली लिहिलंय, ‘अनेर धरण, शिरपूर’. पासचा दर आता 2,100 झालाय.