घरी जुळवलेला टम्बलर: आठ महिन्यांनंतर

टम्बलर म्हणजे उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी पाणी आणि स्टीलच्या बारीक पिनांसोबत फिरवून साफ करणारा ड्रम. पहिल्या दिवशी माझा इतका शांत चालला की मी स्वतःवरच खूश झालो. दोन तासांनी झाकण काढलं तर पुंगळ्या टाकल्या तशाच काळ्या. पिना, पाणी, पितळ सगळं ड्रमच्या भिंतीला चिकटून नुसतं गरगर फिरत होतं.

चूक पुलीची होती. ड्रम म्हणजे 160 मिमीचा फूटभर लांब पीव्हीसी पाइप, आतला व्यास साधारण 150. माल कोणत्या वेगाला भिंतीला चिकटतो हे काढायला 42.3 ला मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागायचं. माझ्या ड्रमसाठी उत्तर येतं मिनिटाला 109 फेऱ्या, आणि तो फिरत होता 112 ने. मोटार भंगारातली, 1440 फेऱ्यांची. तिच्यावर 50 मिमीची पुली, ड्रम ज्यावर टेकून फिरतो त्या 25 मिमीच्या रुळावर 100 ची. रुळावर 250 ची पुली चढवली, ड्रम 45 फेऱ्यांवर आला आणि आतून खळखळ ऐकू यायला लागली. तो आवाज म्हणजेच काम. बंद दाराआडूनही तो ऐकू येतो, त्यावरून घरात एकदोनदा वाजलंही आहे.

आत पाइपच्याच तीन उभ्या पट्ट्या चिकटवल्यात. त्या नसतील तर गुळगुळीत भिंतीवरून माल नुसता घसरतो.

कोरड्या पद्धतीत अक्रोडाच्या सालीचा किंवा मक्याच्या कणसाचा भुगा वापरतात. ती मी मुद्दाम टाळली. नेहमीच्या प्रायमरमध्ये (पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टिकली) शिशाचं संयुग असतं आणि त्या भुग्याची धूळ नाकात जाते. ओल्या पद्धतीतही शिसं कुठे जात नाही, काळ्या पाण्यात उतरतं. म्हणून हातमोजे, आणि चाळणी-बादली वेगळी. स्वयंपाकघरातली तर मुळीच नाही. प्रायमर आधी काढून घेतो, म्हणजे त्याची खाचही साफ होते. न उडालेला प्रायमर किंवा जिवंत काडतूस ड्रममध्ये जाता कामा नये, म्हणून प्रत्येक पुंगळी हातात घेऊन बघतो.

एका खेपेला 2 किलो स्टीलच्या पिना, किलोभर पुंगळ्या (9 मिमीच्या साधारण अडीचशे), 3 लिटर पाणी, भांड्याच्या साबणाचे काही थेंब आणि पाव चमचा लिंबूसत्व. अडीच तास. जास्त चमक यावी म्हणून एकदा दोन चमचे लिंबूसत्व टाकलं, तर पितळ गुलाबी होऊन बाहेर आलं. या पितळात 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. आम्लाने पृष्ठभागावरचं जस्त खाल्लं की उरलेलं तांबं दिसायला लागतं. अमोनिया असलेलं पॉलिश तर लांबच ठेवा. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात तडकायच्या. कारण निघालं घोड्यांच्या मुतातला अमोनिया.

सगळ्यात जास्त छळलं ते गळतीने. टोकाला रबरी टोपी आणि स्क्रूची पट्टी आहे. तिसऱ्या महिन्यात टेबलावर राखाडी ओघळ दिसला. पट्टी आवळली, टोपी बदलायचाही विचार केला. मग टॉर्च मारून पाहिलं तर टोपीच्या कडेखाली एकच पिन आडवी बसलेली, जेमतेम 6 मिमीची. आता झाकण लावण्याआधी कडेवरून बोट फिरवतो. मोटार तेव्हा ड्रमच्या खालीच होती. ती बाजूला उचलून बसवली, अर्थिंग केलं.

पिना वेगळ्या करायला पुंगळ्या पाण्याखाली चाळतो, उरलेल्या चुंबकाने उचलतो. तरी बुडाच्या छिद्रात दोन पिना एकमेकींत अडकून बसतातच, त्यामुळे उजेडासमोर प्रत्येक पुंगळी धरून पाहणं चुकत नाही. या कामाचा मला खरोखर कंटाळा येतो. वाळवायला कापडावर पसरून पंख्याखाली रात्रभर.

चमकीबद्दल तक्रार नाही. पुंगळीची मान, म्हणजे गोळी बसते तो तोंडाजवळचा भाग, आतून मात्र नको इतकी साफ होते. तिथली काजळी गोळी बसवताना थोडं वंगणाचं काम करायची, ती गेल्यामुळे गोळी अडखळत बसते. त्यावर उपाय म्हणून मानेत ग्राफाइटची पूड लावतो. रात्रभर टम्बलर चालू ठेवला त्या वेळी तोंडाच्या कडा ठोकल्यासारख्या जाड झाल्या होत्या, त्यामुळे तीन तासांच्या वर जात नाही.

आतापर्यंत एक बेअरिंग आणि एक पट्टा बदलला. वर्षाला दोन-तीनशेच पुंगळ्या असतील तर हा खटाटोप करू नका. झाकणाच्या डब्यात साबण आणि चिमूटभर लिंबूसत्व घालून दहा मिनिटं हलवल्या, स्वच्छ धुतल्या की पुरे. चमकणार नाहीत, पण चालतील.